पडलेलं हेज, पाचर आणि घण: विचिटाजवळच्या शेतावर मिळणारं धनुष्याचं लाकूड

धनुष्यासाठी लाकूड घ्यायचं तर ओंडका आपल्या डोळ्यांसमोर फुटलेला बघूनच घ्यावा, या मताची मी आहे. कॅन्ससमधल्या विचिटा शहराहून आय-135 महामार्गाने उत्तरेला निघालं की तासाभराच्या अंतरावर एक शेतकरी कुटुंब ही सोय करून देतं. वादळात पडलेल्या हेजच्या झाडांचे ओंडके त्यांचे, फोडायची जागा, पाचरा आणि घण त्यांचे, मेहनत आपली. व्यवहार घरगुती आहे, रस्त्यावर पाटीसुद्धा नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पण कॅन्सस, ओक्लाहोमा, मिसुरीकडे आपल्यातले जे कोणी हाताने धनुष्य करायच्या नादाला लागले आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

हेज म्हणजे ओसेज ऑरेंज. मूळचं ते रेड नदीच्या खोऱ्यातलं, टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्सासच्या भागातलं. इथे कॅन्ससमध्ये ते लोकांनी आणून लावलं. 1874 मध्ये जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला काटेरी तारेचं पेटंट मिळालं. त्याआधी या माळावर कुंपण घालायला ना पुरेसं लाकूड होतं ना दगड, म्हणून शेताच्या कडेने ही काटेरी झाडं दाट लावायची आणि छाटून गुरं अडवायची. पुढे 1935 ते 1942 या काळात वारा अडवायला सरकारने झाडांचे पट्टे लावले, त्यातही हे झाड होतं. फणस, तुती आणि वड यांच्याच कुळातलं. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, आणि गाभा फणसाच्या लाकडासारखा पिवळाधम्मक निघतो. उन्हात राहिला की हळूहळू तपकिरी होतो. जॉन ब्रॅडबरी नावाचा निसर्गअभ्यासक 1809 ते 1811 मध्ये या देशाच्या आतल्या भागात फिरला. मिसुरी नदीकाठच्या अरिकरा या मूळनिवासी लोकांमध्ये या लाकडाच्या एका धनुष्याला एक घोडा आणि एक घोंगडी मोजावी लागते, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे.

पडलेल्या झाडाचं लाकूड म्हटलं की बरेच जण नाक मुरडतात. हॅकबेरी किंवा अ‍ॅश जमिनीवर पडून राहिलं तर ते बरोबरच आहे, त्यांना वाळवी, बुरशी लगेच धरते. हेजचं तसं नाही. याचे खांब जमिनीत पुरले तरी कित्येक दशकं टिकतात. या शेतावरचे काही ओंडके 15 डिसेंबर 2021 च्या वादळातले आहेत, ज्या दिवशी कॅन्ससभर वाऱ्याने थैमान घातलं होतं. त्यांची साल हाताने निघून येते, सालीखालचं पांढरं लाकूड किड्यांनी पोखरून भुसा केलेलं असतं, आणि त्याच्या आत गाभा ठणठणीत. ते पांढरं लाकूड धनुष्य करताना आपण काढूनच टाकतो, तेव्हा किड्यांनी थोडं काम आधीच उरकलं असं समजायचं.

खरी पारख वेगळीच आहे, आणि याच बाबतीत हे शेत मला आवडलं. मुळासकट उपटून पडलेली झाडं आणि खोडात मोडलेली झाडं त्यांनी दोन वेगळ्या थप्प्यांत ठेवली आहेत. मी विमानाच्या सांगाड्यांचं काम करते, दिवसभर ताण आणि दाब हेच बघते, त्यामुळे ही दोन थप्प्यांची शिस्त बघून मला फार बरं वाटलं. वाऱ्याने खोड वाकून वाकून मोडतं तेव्हा दाबाच्या बाजूचे तंतू आतल्या आत चुरगळतात. वरून काही दिसत नाही. लाकूड घासून गुळगुळीत केल्यावर तंतूंना आडवी जाणारी केसाएवढी रेघ दिसते, आणि धनुष्य ताणलं की नेमकं तिथेच तुटतं. मुळं सुटून झाड आडवं झालं असेल तर खोडावरचा हा ताण बराच कमी पडलेला असतो. शेतावरच्या आजोबांना हे अनुभवाने माहीत आहे. मोडक्या थप्पीकडे बोट दाखवून ते सरळ सांगतात, "ते खांबांसाठी. तुम्ही इकडचं घ्या."

ओंडका निवडायला घाई करू नका. सालीच्या चिरा बुंध्यापासून शेंड्याकडे सरळ जातात की दोरीच्या पिळासारख्या फिरतात ते आधी बघायचं. साल फिरत असेल तर आतले तंतूही फिरलेले असतात. थोडा पीळ असला तर धनुष्य शेकून सरळ करता येतं, जास्त असेल तर तो ओंडका सोडून द्यावा. मग गाठी मोजायच्या. मग टोकाकडून वर्षागणिक वाढीची वलयं बघायची. हेजच्या प्रत्येक वलयात एक भुसभुशीत, छिद्रं असलेला पातळ थर असतो आणि त्याच्यानंतर घट्ट, चकचकीत थर. घट्ट थर जाड हवा. गाभ्याचा मध्यबिंदू एका बाजूला सरकलेला असेल तर ते झाड कललेलं वाढलंय, आणि कललेल्या झाडाच्या वरच्या बाजूचं लाकूड खालच्यापेक्षा वेगळं वागतं. फोडल्यावर ती फाक बाक घेते.

आता फोडण्याबद्दल. मी निवडलेला ओंडका साधारण दहा इंच जाड होता. टोकावर उन्हाने पडलेली एक भेग मध्यबिंदूतून गेली होती, तीच रेघ धरली. दोन लोखंडी पाचरा त्या रेघेवर, दोन्ही कडांच्या थोड्या आत, आळीपाळीने ठोकायच्या. सुरुवातीला काहीच होत नाही, घणाचा आवाज तेवढा बदलत जातो, भरीव ठणठण हळूहळू बोथट होते. मग ओंडक्याच्या कुशीवर, सालीतून, एक बारीक काळी रेघ उमटते. तिच्यात तिसरी पाचर. ती बसली की पहिल्या दोन सैल होतात, त्या काढून पुढे न्यायच्या. असं पुढे पुढे सरकत जायचं, आणि प्रत्येक ठोक्याला आतून तटतट आवाज येतो. अर्ध्यावर आल्यावर फट बोट घालता येईल एवढी उघडली, पण दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे तंतूंचे पिवळे पट्टे आत दिसत होते. तिथे घण घालायचा नाही. लहान कुऱ्हाडीने ते पट्टे एकेक करून तोडायचे, नाहीतर फाक भलत्याच बाजूला पळते आणि एक जाड, एक पातळ असे तुकडे पडतात. शेवटचा पट्टा तुटला तेव्हा दोन्ही अर्धे आपोआप बाजूला पडले, आणि आतला रंग बघून माझी लेक ओरडलीच. पुन्हा प्रत्येकाचे दोन. चार फाका, त्यातल्या तीन सरळ.

चौथीत गाठीच्या खाली कूज निघाली. तिचे पैसे घेतले नाहीत. हा त्यांचा नियम आहे: पैसे फोडल्यानंतर, आणि जी फाक तुम्ही गाडीत टाकाल तिचेच. सरळ फाकेला 50 डॉलर, गाठीवाल्या पण वापरता येईल अशा फाकेला 30. बाकीचं त्यांच्या सरपणात जातं. झाडाच्या पोटात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, तेव्हा ती जोखीम त्यांनी स्वतःकडे ठेवणं ही मोठी गोष्ट आहे.

याच्याशी तुलना करा. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी याआधी जवळपास दुप्पट पैशांत हेजचा तुकडा मागवला होता. तो करवतीने चिरलेला होता, चारही कडा काटकोनात, दिसायला देखणा. पण करवत तंतूंच्या मागे जात नाही, सरळ जाते. त्या तुकड्याच्या मधोमध तंतू एका कडेने आत शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडत होते. धनुष्याची पाठ म्हणजे आपल्यापासून लांबची बाजू. सगळा ताण तिच्यावर येतो, म्हणून तिथे एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवावं लागतं. तंतू मधेच तुटले असतील तर ताणताना तिथूनच ढलपा उचलतो. त्या तुकड्यातून पूर्ण लांबीचं धनुष्य निघालंच नाही. पाचर मात्र तंतू जिकडे जातात तिकडेच जाते. मी मूळची शहाद्याची, आमच्याकडच्या भिल्लांचा तीरकमठा बांबूचा असतो, आणि तो करणारी माणसंही बांबू फोडूनच घेतात. बांबूचा सालीलगतचा थर सगळ्यात घट्ट, तोच पाठीला ठेवायचा. झाड वेगळं, पण ताण कुठे येतो ते दोन्हीकडे सारखंच.

फोडून झाल्यावर टोकं लगेच बंद करावी लागतात, उद्या करू म्हणून चालत नाही. टोकांतून पाणी भराभर उडतं आणि तासाभरातच भेगा सुरू होऊ शकतात. शेतावर त्यासाठी उरलासुरला पांढरा रंग ठेवला आहे. तो पातळ आहे, मला पटला नाही. लाकडाला लावायचा गोंद सोबत न्या आणि टोकांवर जाड थापा. पांढरं लाकूड काढलेली फाक घरी नेणार असाल तर पाठीवरही शेलॅकचे (लाखेच्या व्हार्निशचे) दोन-तीन हात द्या, नाहीतर तिथे भेगा पडतात. साल काढायला त्यांच्याकडे दोन मुठींचं ओढायचं पातं आहे आणि त्याला धार छान असते, ते जरूर मागून घ्या. घरी आल्यावर फाका गॅरेजमध्ये जमिनीपासून उचलून, सावलीत ठेवायच्या. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत एक दिवस राहिलेलं ओलं लाकूड मी हातात घेऊन बघितलंय, भेगांनी विस्कटलेलं. ओलावा आठ-दहा टक्क्यांवर यायला वेळ लागतो, जाड फाकेला वर्षभरही.

तक्रारी आहेत, आणि त्या मी आजोबांच्या मुलीला तिथेच सांगितल्या. ओंडके सगळे सहा फुटांवर कापलेले असतात. टोकांच्या भेगा काढून टाकल्यावर उंच माणसाला ते अपुरे पडतात. आधी फोन करून साडेसहा फुटांचा कापून ठेवायला सांगा, ते ठेवतात. दुसरी तक्रार जास्त गंभीर. पाचरांची डोकी ठोकून ठोकून फुलासारखी उलटली आहेत. अशा कडांचे लोखंडी तुकडे गोळीसारखे उडतात. ती घासून सपाट केली पाहिजेत, आणि येणाऱ्याला चष्मा दिला पाहिजे. तिने ऐकून घेतलं, दोन पाचरा आमच्यासमोरच ग्राइंडरवर घासल्या, पण बाकीच्या तशाच होत्या. चष्मा, हातमोजे आणि जाड बूट घरून घेऊनच जा. लहान मुलांना घण चालतो तिथून लांब ठेवा, माझी लेक चौदा वर्षांची आहे म्हणून मी नेली, तिच्यापेक्षा लहान असती तर नेली नसती.

हेजशिवाय तुती कधीकधी मिळते आणि ती धनुष्याला चांगली असते, थोडी हलकी. अ‍ॅशचे ओंडकेही पडलेले असतात, पण ते कुणाला बाहेर नेऊ देत नाहीत. अ‍ॅश पोखरणारा हिरवा किडा 2012 मध्ये कॅन्ससला वायँडॉट काउंटीत सापडला, आणि लाकडासोबत तो नव्या गावी पोचतो. विकून चार पैसे मिळाले असते तरी ते देत नाहीत, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पाचरांचा कापला आहे, त्या घासल्या की देईन. रोखीने व्यवहार आहे, कार्ड चालत नाही. हिवाळ्यात गेलात तर माल जास्त असतो आणि काट्यांशी झगडावं लागत नाही, कारण फांद्या तोपर्यंत त्यांनी साफ केलेल्या असतात. जाताना ट्रक किंवा छतावर कॅरिअर असलेली गाडी न्या. सहा फुटांची ओली फाक उचलायला दोन माणसं लागतात आणि ती सेडानमध्ये आडवी बसत नाही.