रुग्णालयाचे बिल हप्त्यांनी भरण्याची सोय : विमा नसलेल्या तरुणांसाठी ती कितपत उपयोगी आहे?

डिस्चार्जचे कागद तयार होत असताना बिलिंग काउंटरवर ‘बिल हप्त्यांनी भरायचे आहे का?’ असे आता सर्रास विचारले जाते. या सोयीमागे बहुतेक वेळा एखादी फायनान्स कंपनी असते. ती रुग्णालयाचे पैसे एकरकमी चुकते करते आणि रुग्णाकडून सहा, बारा किंवा चोवीस महिन्यांत वसूल करून घेते. अपेंडिक्सच्या तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर मी ही सोय घेतली. तेव्हा माझे काम कंत्राटी होते, आरोग्य विमा नव्हता आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते आधीपासूनच चालू होते. ते कर्ज आता पूर्ण फिटले आहे, त्यामुळे पहिल्या सहीपासून खाते बंद होईपर्यंतच्या अनुभवावर हा अभिप्राय लिहीत आहे. रुग्णालयाचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या सेवेची रचना जवळपास सगळीकडे सारखीच असते आणि सांगण्यासारखे जे आहे ते त्या रचनेबद्दलच आहे.

माझे मत आधीच सांगते. ही सेवा उपयोगी आहे, पण ती सर्वांत शेवटी घ्यायची आहे, आणि काउंटरवर मात्र ती सर्वांत आधी पुढे केली जाते. बिल जोवर रुग्णालयाचे बिल असते, तोवर त्यावर बोलता येते: तपशील मागता येतो, चूक दाखवता येते, सवलतीचा अर्ज करता येतो, मुदत मागता येते. फायनान्स कंपनीने पैसे भरले की तेच बिल कर्ज होते. रुग्णालयाला त्याचे पैसे मिळालेले असतात, आणि कंपनीला उपचार बरोबर आकारले गेले की नाही याच्याशी काहीही देणेघेणे नसते. विमा असलेल्या रुग्णाच्या बाजूने विमा कंपनीचा माणूस बिल तपासतो, नको ते खर्च कापतो. विमा नसलेल्याचे हे काम त्याला स्वतःला किंवा त्याच्या घरच्यांना करावे लागते, आणि त्यासाठी मिळणारा वेळ सही होईपर्यंतचाच असतो.

सेवेच्या वेगाबद्दल तक्रार नाही. ओळखपत्र, बँक खात्याचा उतारा आणि उत्पन्नाचा पुरावा एवढ्यावर मंजुरी मिळाली, जामीनदार मागितला गेला नाही, काउंटरवरचा प्रतिनिधी सौजन्याने बोलला. दुखत असताना, उभे राहणेही जड जात असताना, या सौजन्याचे मोल कमी नसते. मात्र हाच वेग रुग्णाच्या विरोधातही जातो. मंजुरी मिळाली त्या क्षणी माझ्या हातात बिलाचा फक्त एक पानी गोषवारा होता. खोली, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, साहित्य, इतर अशा मोजक्या मथळ्यांपुढे रकमा लिहिलेल्या होत्या. ‘इतर’मध्ये काय आहे, हे प्रतिनिधीला सांगता आले नाही आणि ते त्याचे कामही नव्हते.

म्हणून मी सही थांबवून तपशीलवार बिल मागितले. ते मिळायला वेळ लागला, पण कुणी नकार दिला नाही. मोठी बहीण माझ्याबरोबर होती. आम्ही दोघींनी ते औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे अहवाल शेजारी ठेवून ओळीनुसार वाचले. रक्ताची एकच तपासणी एकाच तारखेला दोनदा लावली होती आणि अहवाल एकच होता. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये धरलेले हातमोजे आणि सिरिंज ‘साहित्य’ या मथळ्याखाली पुन्हा आले होते. न उघडता औषधविभागाला परत केलेली इंजेक्शने वजा झालेली नव्हती. सकाळी खोली सोडूनही त्या दिवसाचे पूर्ण भाडे लावले होते, ते मात्र रुग्णालयाच्या नियमात बसते असे सांगण्यात आले आणि ते तसेच राहिले. बिलिंगच्या बाईंनी पेनने एकेक ओळीवर खूण केली, संगणकावर नोंदी पाहिल्या आणि वाद न घालता पहिल्या तिन्ही गोष्टी कमी केल्या. जाता जाता त्या म्हणाल्या, “ताई, हे आत्ता सांगितलेत ते बरे झाले. एकदा फायनान्सचे पैसे आले की आमच्याकडे फाइल बंद होते.” या संपूर्ण सेवेबद्दल मला मिळालेली ही सर्वांत उपयुक्त माहिती होती, आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नव्हती.

दुसरी न सांगितलेली गोष्ट म्हणजे रुग्णालयाची स्वतःची मुदत. अनेक रुग्णालये थोडी रक्कम आगाऊ घेऊन उरलेली दोन-तीन टप्प्यांत, व्याजाशिवाय स्वीकारतात. काहींकडे कमी उत्पन्नाच्या रुग्णांसाठी सवलत असते आणि ती समाजसेवा विभागामार्फत किंवा मेडिकल सोशल वर्करमार्फत मिळते. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मी विचारले तेव्हा सवलतीसाठी उत्पन्नाचे कागद द्यावे लागले आणि बिलाचा काही भाग कमी झाला. उरलेल्यातला काही भाग रुग्णालयाने महिन्याभराच्या मुदतीवर ठेवला. फायनान्स कंपनीकडून घेतले ते त्यानंतर उरलेल्या रकमेपुरतेच. गोषवाऱ्यावर सही झाली असती तर संपूर्ण रक्कम कर्जात गेली असती. विमा नसलेल्या तरुणाला सवलत मागताना संकोच वाटतो, आपण कमावते आहोत, आपल्यासाठी ती नसणार असे वाटते. पण सवलतीचे निकष उत्पन्नावर असतात, वयावर नसतात, आणि अर्ज नाकारला गेला तरी त्यात गमावण्यासारखे काही नाही.

आता कर्जाच्या अटींबद्दल, कारण या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा तिथे आहे. व्याजदर सांगताना प्रतिनिधी ‘फ्लॅट’ दर सांगतो. फ्लॅट दरात व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर मोजले जाते, जरी दर महिन्याला मुद्दल फिटत असले तरी. बारा महिन्यांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतलेले कर्ज घटत्या शिलकीवर मोजले तर वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के पडते. दोन्ही आकडे एकाच हप्त्याचे आहेत, फरक फक्त सांगण्याचा आहे. परंतु बँकेच्या वैयक्तिक कर्जाशी तुलना करायची असेल तर घटत्या शिलकीवरचाच आकडा धरावा लागतो. ‘बिनव्याजी’ योजनेचेही तसेच. सहा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर ३ टक्के प्रोसेसिंग फी आधीच कापून घेतली, तर तिचा वार्षिक भार साडेदहा टक्क्यांच्या आसपास जातो. हा दर वाईट नाही, अडचणीच्या वेळी मी तो आनंदाने स्वीकारेन. पण त्याला बिनव्याजी म्हणणे मला मान्य नाही.

याहून धोक्याचा प्रकार म्हणजे उपचारांसाठीची क्रेडिट कार्डे, ज्यांत ठरावीक मुदतीत पूर्ण रक्कम फेडली तर व्याज माफ होते. ‘फेडली तर’ या दोन शब्दांवर संपूर्ण योजना उभी असते. व्याज पहिल्या दिवसापासून बाजूला साठत जाते आणि मुदत संपताना थोडीशी शिल्लक उरली तरी ते सगळे एकदम अंगावर पडते. समजा, दर वर्षाला २४ टक्के आहे, मुदत बारा महिन्यांची आहे, आणि शंभर भागांच्या बिलापैकी पंच्याण्णव भाग सारख्या हप्त्यांत फेडले. उरलेल्या पाच भागांबरोबर साडेतेरा भागांहून अधिक व्याज एका फटक्यात लागते. असे कार्ड मलाही सुचवण्यात आले होते. ज्याचे उत्पन्न कंत्राटी आहे, ज्याचा एखादा महिना कोरडा जाऊ शकतो, त्याला ही योजना देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सही करण्यापूर्वी काय मागता येते, हे देशादेशांच्या नियमांवर ठरते, आणि ते जाणून घेणे फायद्याचे असते. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ (म्हणजे व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या) मुदत कर्जांसाठी कर्जदाराला महत्त्वाच्या अटींचे पत्रक द्यावे लागते आणि त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक दर लिहावा लागतो. युरोपीय संघात ग्राहक कर्जाचा करार झाल्यावर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. अमेरिकेत करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावे लागते आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून किमान २४० दिवसांपर्यंत आलेला साहाय्याचा अर्ज विचारात घ्यावा लागतो. म्हणजे तिथे घाईघाईने कार्डावर बिल भरणारा माणूस हाती असलेला वेळ स्वतःहून सोडून देत असतो. आपल्याला लागू असलेला नियम कोणता, हे प्रतिनिधीला थेट विचारावे आणि उत्तर कागदावर मागावे.

हप्ते चालू झाल्यानंतरची सेवा ठीक म्हणण्यासारखी होती. ऑटो-डेबिट नियमित झाले, प्रत्येक हप्त्याची पावती मिळाली. हप्त्याची तारीख मात्र कंपनीने स्वतःच ठरवली होती आणि ती माझे मानधन जमा होण्याच्या आधीची होती. ती बदलून घेण्यासाठी ग्राहक सेवेशी पुन्हा पुन्हा बोलावे लागले. तारीख ही क्षुल्लक बाब वाटते, पण खात्यात पैसे नसताना हप्ता परतला तर कंपनीचा दंड आणि बँकेचे शुल्क असे दोन्ही लागतात आणि क्रेडिट अहवालात नोंद होते ती वेगळीच. मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क करारात होते, तोंडी सांगितले गेले नव्हते. करार वाचला असल्यामुळे ते आधीच माहीत होते. एक गोष्ट मात्र चांगली होती: अर्धवट रक्कम आगाऊ भरली तर हप्ता कमी करायचा की मुदत, हे निवडण्याची मुभा होती. मी मुदत कमी करून घेतली.

शैक्षणिक कर्ज आणि हे कर्ज एकत्र सांभाळताना मी एक क्रम ठेवला. घरभाडे आणि चालू औषधे आधी, मग दोन्ही कर्जांचे नेमलेले हप्ते, आणि हाताशी काही उरले तर ते जास्त वार्षिक दर असलेल्या कर्जाकडे. हप्ता मंजूर करताना कंपनी उत्पन्न पाहते, पण उपचार अजून संपलेले नाहीत हे पाहत नाही. ड्रेसिंग, पुढच्या तपासण्या, फेरभेटी, घरी बसल्यामुळे बुडालेले काम, यांपैकी काहीही त्या कर्जात धरलेले नसते. आरोग्यावर कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक खिशातून जात असेल तर तो खर्च कुटुंबाला झेपण्यापलीकडचा मानावा, असा निकष जागतिक पातळीवर दीर्घकाळ वापरला गेला आहे. हप्ता ठरवताना तो डोळ्यांपुढे ठेवला तर लहान मुदतीचा मोह आवरता येतो. हप्ता भरण्यासाठी फेरभेट टाळणारे तरुण मी त्याच वॉर्डात पाहिले, आणि या सेवेबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच. जखम चिघळली की दुसरे बिल येते. औषधांचा खर्च कमी करायचा असेल तर डॉक्टरांना जेनेरिक पर्याय विचारावा, त्यात मूळ औषधी घटक तोच असतो; डोस स्वतःहून कमी करू नये.

हे बिल चुकवण्यासाठी दागिने किंवा घर तारण ठेवण्याचा सल्ला घरातली वडीलधारी माणसे मायेपोटी देतात. तारण कर्जाचा दर कमी असतो हे खरे आहे. पण रुग्णालयाचे बिल हे मुळात विनातारण देणे असते, आणि ते तारण कर्जात बदलले की चुकलेल्या हप्त्याची किंमत घरातल्या वस्तूने मोजावी लागू शकते. उत्पन्न स्थिर असेल तर हा पर्याय विचारात घेता येईल, कंत्राटी कामावर मात्र नाही. कर्ज चालू असतानाच विमा घ्यावा की नाही, यावर माझे उत्तर होकारार्थी आहे. झालेल्या उपचारांचे पैसे नव्या विम्यातून मिळत नाहीत आणि आधीच्या आजारांना बहुधा प्रतीक्षाकाळ लागू असतो, म्हणूनच तो काळ लवकर सुरू झालेला बरा. मोठ्या आजारपणापुरता, कमी हप्त्याचा विमा मी कर्ज फिटण्याची वाट न पाहता घेतला.

एकंदरीत पाचपैकी तीन गुण देईन. वेग, सौजन्य आणि पावत्यांची शिस्त यांसाठी ते तीन आहेत; दर सांगण्याची पद्धत आणि रुग्णालयाच्या स्वतःच्या सवलतीबद्दलचे मौन यांसाठी दोन कापले. तपशीलवार बिल तपासून झाले असेल, सवलतीच्या अर्जाचे उत्तर आले असेल आणि तरीही रक्कम उरत असेल, तर त्या उरलेल्या रकमेपुरती ही सोय जरूर घ्यावी. शेवटचा हप्ता गेल्यावर ‘काही देणे बाकी नाही’ असे पत्र कंपनी आपणहून पाठवत नाही, ते मागावे लागते. मला ते मागितल्यानंतर मिळाले, पण क्रेडिट अहवालात खाते त्यानंतरही काही काळ चालू दिसत होते आणि त्या पत्राची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज केल्यावरच ती नोंद बदलली.