जुन्या जॉकींच्या कार्टून्सचं १००० पीसचं पझल – बरेच महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, चित्र एक नंबर आहे आणि पझल म्हणून मात्र डोक्याला ताप आहे, त्यामुळे तुम्ही कशासाठी घेताय ते ठरवून मगच घ्या.

चित्रं आहेत 'व्हॅनिटी फेअर'मधली. आत्ताचं ते अमेरिकन चकचकीत मासिक नाही हां, हे लंडनचं जुनं साप्ताहिक, १८६८ ते १९१४ पर्यंत चाललं. त्यात अंकागणिक एका बड्या माणसाचं रंगीत कॅरिकेचर यायचं, मंत्री, जज, पाद्री, क्रिकेटर कोणीही, आपले रणजीसुद्धा १८९७ मध्ये आलेत त्यात, 'स्पाय'ने काढलेले. स्पाय म्हणजे लेस्ली वॉर्ड, आणि त्याच्या आधीचा 'एप' म्हणजे कार्लो पेलेग्रिनी. रेसवाल्यांची तर तिथे चंगळच होती, आणि या पझलमध्ये नुसते तेच, जॉकी, ट्रेनर, घोड्यांचे मालक, ओळीने उभे केलेत.

आता गंमत अशी की या चित्रांमध्ये माणूस एकटा उभा असतो, पायाशी थोडीशी सावली आणि मागे काही म्हणजे काही नाही, नुसता मळकट पिवळट कागद. एकच चित्र भिंतीवर लावलं तर तेच छान दिसतं, पण इतकी माणसं शेजारी शेजारी ठेवून त्याचे हजार तुकडे केले की जवळजवळ निम्मे पीस एकसारखे बेज होतात, आणि वर ब्रीचेस, म्हणजे त्या घोडेस्वारीच्या तंग विजारी, सगळ्यांच्या पांढऱ्या, बूट सगळ्यांचे काळे! टोप्या आणि रंगीत जॅकेटं भराभर होतात, एका संध्याकाळीसुद्धा होतील, तोपर्यंत मजाच मजा. नंतर बेज सुरू होतं आणि घरातले एकेक जण हळूच टीव्हीकडे सरकतात.

पण चेहरे बघा तुम्ही. मला फ्रेड आर्चर कोण हे आधी माहीतही नव्हतं. हा १८७४ पासून १८८६ पर्यंत सलग १३ वर्षं इंग्लंडचा चॅम्पियन जॉकी, २७४८ रेस जिंकला, त्यात पाच वेळा डर्बी, म्हणजे तिथली सगळ्यात मानाची रेस. आणि उंची पाच फूट दहा इंच! एवढा उंच माणूस वजन खाली ठेवायला उपाशी राहायचा, जुलाबाचं औषध घ्यायचा, आणि शेवटी १८८६ मध्ये आजारपणात २९ व्या वर्षी स्वतःला गोळी घालून घेतली त्याने. हे वाचल्यावर त्याच्या गालाचा पीस हातात घेतला ना, तर वाटलं यात कॅरिकेचर कमी आणि खरं जास्त असणार. दुसरा टॉड स्लोन, अमेरिकन, हा १८९० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडला गेला आणि रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवा होऊन बसायला लागला, तोवर तिथले जॉकी पाय लांब सोडून ताठ बसायचे, त्यामुळे लोक याला हसले, आणि मग तो जिंकायला लागल्यावर गपचूप तसेच बसायला लागले. माझे सासरे तरुणपणी महालक्ष्मीला रेस बघायला जायचे, त्यांना हे सांगितलं तर म्हणे "मग, आता सगळे तसेच बसतात की." आणि बेजचा ढीग एकट्याने लावणारे घरात तेच एक.

क्वालिटीचं म्हणाल तर प्रिंट खरंच चांगली. मूळ चित्रं लिथोग्राफ, म्हणजे प्रत्येक रंगाचा वेगळा दगड करून एकावर एक छापलेली, आणि पीस डोळ्यासमोर धरला तर गालावरचे ते खडूसारखे बारीक ठिपके नीट दिसतात. स्कॅन कोणीतरी मनापासून केलाय. कटिंगबद्दल असं म्हणता येत नाही. बेज भागात चुकीचा पीससुद्धा आरामात बसतो, अगदी टक्क करून, आणि शेवटी कोपऱ्यात जागा वेगळी आणि उरलेला पीस वेगळा निघाला की सगळं उसवत मागे जावं लागतं. पावसाळ्यात पुठ्ठा थोडा फुगला, काही पिसांचा वरचा कागद कोपऱ्यातून सुटला, फेव्हिकॉलचा ठिपका लावून वजनाखाली ठेवले, झाले ठीक. आता डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. पहिल्यांदा उघडल्यावर भुसाही भरपूर निघतो, गाळणीतून चाळून घ्या, नाहीतर टेबलभर पसरतो.

एक पीस पहिल्यापासूनच नव्हता, विकणाऱ्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं "सोफ्याखाली बघा." बघितलं हो, सोफा उचलून बघितलं.

लहान मुलांना देऊ नका, वैतागतील. ज्यांना जुनी चित्रं, जुने कपडे, माणसांची थोबाडं बघायला आवडतात त्यांनी जरूर घ्या, आणि सेल लागला की घ्या, पूर्ण किंमतीला मला तरी पटत नाही. डब्यावरचं चित्र पोस्टकार्डाएवढं आहे, त्यावरून काही कळत नाही, त्यापेक्षा लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या साइटवर यातली बरीच चित्रं आहेत, जॉकीचं नाव टाकून शोधा आणि टॅबवर मोठं करून शेजारी ठेवा. सावली कुठल्या बुटाची आहे एवढं त्यात कळतं, आणि बेजमध्ये तेवढाच काय तो आधार.