शेडमधली गार खोली: ब्लॉकची भिंत की पफ पॅनेल?

सोलापुरात अक्कलकोट रोडला किंवा चिंचोळीला ज्यांचं कपड्यांचं युनिट आहे, त्यांना एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली काय होतं हे वेगळं सांगायला नको. शिलाईवाल्या बाया पंख्याखाली दिवस काढतात, एम्ब्रॉयडरी मशिनही कुरकुरत का होईना चालतं. डीटीएफ प्रिंटर मात्र ऐकत नाही. हा प्रिंटर चित्र आधी फिल्मवर छापतो, ओल्या शाईवर गोंदाची पावडर टाकून ती ओव्हनमध्ये वितळवायची आणि मग फिल्म कापडावर दाबायची. शाळेचे लोगो, कंपन्यांची नावं, टी-शर्टाच्या पाठीवरचे नंबर बाहेर न पाठवता आपल्याच शेडमध्ये छापायचे, तर शेडच्या पोटात एक बंद, गार खोली लागतेच. ती कशाची बांधायची, एवढाच प्रश्न उरतो.

माझी खोली पफ पॅनेलची आहे, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेल्या तयार पाट्यांची. मेहुण्यांची एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकची आहे, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, वर फॉल सीलिंग. दोघांकडे मशिन सारखं, शाई एकाच डीलरची. जूनच्या आसपास शाळांच्या ऑर्डरी अंगावर आल्या की आमचं काम इकडून तिकडे जातं, त्यामुळे दोन्ही खोल्यांत माझं बरंच बसणं झालंय. माझी शेड भाड्याची आहे, त्यांची स्वतःच्या प्लॉटवर. हे आधीच सांगतो, कारण बऱ्याच जणांचा निम्मा निर्णय तिथंच होऊन जातो. उद्या जागामालक 'शेड रिकामी करा' म्हणाला तर पॅनेल उलगडून टेम्पोत टाकता येतात. ब्लॉकची भिंत त्याच्याच नावावर राहते.

खोली म्हणजे एसी, असं धरून बरेच जण सुरुवात करतात. पण आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. प्रिंटरला ओलावा साधारण ४० ते ६० टक्के लागतो आणि मेच्या दुपारी बाहेरची हवा त्याच्या निम्म्यावरही नसते. त्यात एसी हवेतलं उरलंसुरलं पाणी काढून नळीवाटे बाहेर सोडतो. मग फिल्मवर स्टॅटिक (स्थिर वीज) धरतं, पावडर जिथं शाई नाही तिथंही चिकटते आणि शाई उडवणाऱ्या हेडची भोकं सुकायला लागतात. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तो आधीच तळाशी बसायला टपलेला. ऑगस्ट-सप्टेंबरात याच्या उलट: पावडरचे गोळे होतात, शाई वाळत नाही. म्हणून उन्हाळ्यात एसीबरोबर ह्युमिडिफायर लागतो, पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर. ह्युमिडिफायरला बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडचं पाणी जड, त्यातला क्षार वाफाऱ्याबरोबर उडतो आणि मशिनच्या रेलवर पांढरी भुकटी बसते. आरओचं पाणी घाला.

डेझर्ट कूलरचं विचाराल तर माणसांसाठी उत्तम. प्रिंटरच्या खोलीत नको. बाहेरची सगळी धूळ तो आत आणतो आणि पावसाळ्यात त्याचा काही उपयोग नाही.

हे सगळं दोन्ही खोल्यांना सारखंच लागू आहे. फरक पडतो तो खोली हवा किती धरून ठेवते यात.

कागदावर पफचा हिशोब सोपा आहे. ६० मिलिमीटरचं पॅनेल उष्णता जेवढी अडवतं, तेवढी अडवायला एएसी ब्लॉकची सव्वा फुटापेक्षा जाड भिंत लागेल. लाल विटेची तर विचारूच नका. पण हा हिशोब उन्हात उभ्या असलेल्या भिंतीसाठी महत्त्वाचा. आपली खोली शेडच्या आत, भिंतींवर ऊन येतच नाही. त्यामुळे सहा इंची ब्लॉकची भिंतही तशी बरी चालते, आणि विकणारा सांगतो तेवढा फरक प्रत्यक्षात जाणवत नाही, असं माझं मत.

जाणवतो तो दुसराच फरक. रात्री एसी बंद असताना ब्लॉकची भिंत शेडची ऊब पिऊन बसते. सकाळी मेहुण्यांकडे एसी लावला की हवा गार होते, पण भिंतीला हात लावला तर ती कोमटच. ऑपरेटरचा चहा होऊन गप्पा संपतात तरी मशिन सुरू करण्यासारखं होत नाही. माझ्याकडे शटर उघडून एसी लावायचा, रात्रीच्या ऑर्डरी बघायच्या, तोवर खोली तयार. मी काही घड्याळ लावून बसलेलो नाही, पण मे महिन्यात सकाळचे हे तास फार मोलाचे असतात.

याची दुसरी बाजूही आहे. वळवाचा पाऊस आला, वारं सुटलं, लाइट गेली, की माझी खोली भराभर तापते. पॅनेलमध्ये गारवा साठवायला काही नाहीच. मेहुण्यांची भिंत तेव्हा कामाला येते, त्यांची खोली बराच वेळ तग धरते. तीन शिफ्ट चालणारं युनिट असेल, एसी रात्रंदिवस चालू राहणार असेल, तर सकाळचा मुद्दाच निकाली निघतो आणि ब्लॉकचं पारडं जड होतं. आवाजाचंही तसंच. शेजारी टॉवेलचे लूम असतील तर ब्लॉकच्या भिंतीआड फोनवर बोलता येतं. पॅनेलच्या खोलीत पार्टीला 'जरा थांबा, बाहेर येतो' म्हणावं लागतं.

पैशांचं थोडक्यात. एकूण खर्चात तेव्हा मला फार तफावत दिसली नाही, पण द्यायची तऱ्हा वेगळी. गवंड्याचा हिशोब दर शनिवारी, काम होईल तसा. पॅनेलवाल्याला निम्मे आगाऊ आणि उरलेले माल निघायच्या आधी. हाताशी रोकड कमी असेल तर ब्लॉक सोयीचे. मात्र ब्लॉकचं ओलं काम चालू शेडमध्ये करायचं म्हणजे सिमेंट, वाळू, प्लास्टरला पाणी मारणं, आणि बाजूला पांढऱ्या शर्टांचे गठ्ठे. ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता मुख्य गोष्ट. वरचं छत.

खोलीच्या भिंतींबद्दल सगळे बोलतात, छताबद्दल कुणी बोलत नाही. ब्लॉकच्या खोलीवर स्लॅब टाकला तर प्रश्न मिटला, पण शेडच्या आतल्या एवढ्याशा खोलीवर सेंट्रिंग लावून स्लॅब कोण टाकतो? मग दोन बाय दोनच्या टाइल्सचं ग्रिड सीलिंग येतं. दिसायला ऑफिससारखं छान. या टाइल्स चौकटीत नुसत्या ठेवलेल्या असतात, स्वतःच्या वजनावर. आणि आपल्या सोलापूरच्या शेडमध्ये, विशेषतः आजूबाजूला लूम असतील तर, हवेत कापसाचं तूस कायम तरंगतं. ते सीलिंगच्या वरच्या बाजूला महिनोन्‌महिने साचतं, करड्या गोधडीसारखं. खाली बसलेल्याला ते दिसत नाही.

दार बंद केलं की बंद खोलीतली हवा दबते. टाइल केसभर उचलते, परत बसते. बारीक 'टप' असा आवाज येतो. आणि त्या फटीतून तुसाचे दोन-चार धागे खाली येतात. सावकाश, एसीच्या झोतात गिरक्या घेत, नेमके फिल्मवर. छपाई चालू असताना धागा ओल्या शाईत पडला तर तो लोगो गेला. धागा उभा राहून हेडला घासला तर पुढच्या प्रत्येक लोगोत रेघ. मेहुण्यांचा ऑपरेटर दिवसातून कितीदा तरी हाक मारतो, 'मालक, फिल्म परत घाण आली.' दाराला क्लोजर लावला, 'दार हळू लावा' अशी पाटी लावली, टाइल्सच्या कडांना टेप मारला. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो. दारातून मुलं दिवसभर ये-जा करतात, कोण किती हळू लावणार?

काही जण जिप्समचं सलग सीलिंग सुचवतात. ते ग्रिडपेक्षा नक्कीच बरं. पण लूमच्या हादऱ्यानं भिंत आणि छत मिळतात तिथं केसासारखी चीर पडते, आणि मग तुसाच्या जोडीला पांढरी पूड. मी हे एका ओळखीच्यांकडे पाहिलंय. सगळीकडे तसंच होईल असा दावा नाही.

पफच्या खोलीत छतही त्याच पॅनेलचं असतं. पॅनेल एकमेकांत खाचेत बसतात, सांध्यात सिलिकॉन भरतो, कोपऱ्याला अँगल. उचलायला काही नाही, पडायला काही नाही. वरचं तूस आठवड्याला व्हॅक्यूमनं ओढलं की झालं. आत फिल्टर लावलेला एक छोटा पंखा हवा ढकलत ठेवतो, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर जाते, तूस आत येत नाही. हा पंखा ब्लॉकच्या खोलीतही लावता येतो, पण वर ग्रिड असेल तर तो टाइल्सच उचलतो. माझ्यापुरता निर्णय इथंच झाला.

पफची दुखणीही सांगायला हवीत. आतलं फोम जळतं आणि त्याचा धूर विषारी असतो. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जण गेले. त्यानंतर आगीचा प्रश्न 'बघू नंतर' म्हणून टाळण्यासारखा राहिलेला नाही. ब्लॉकची भिंत पेटत नाही, हा तिचा मोठा गुण, आणि रात्री शेडमध्ये माणसं झोपत असतील तर मी पफचं नाव घेणार नाही. पॅनेलच घ्यायचं तर पीआयआर (पफच्याच जातीचं सुधारित फोम) भरलेलं घ्या. ते सहज ज्योत धरत नाही, वरून कोळशासारखं करपतं. रॉकवूलचं (दगडी धाग्यांच्या लोकरीचं) पॅनेल जळतच नाही, पण जड असतं आणि उष्णता थोडी कमी अडवतं. वायरिंग पॅनेलच्या पोटातून न नेता बाहेरून लोखंडी पाइपातून न्या, एमसीबी खोलीबाहेर ठेवा.

ओव्हन तर खोलीबाहेरच हवा. एसीनं गार करायचं आणि शेजारी भट्टी लावायची, याला अर्थ नाही, शिवाय पावडरचा धूर. मी पॅनेलला जिगसॉनं आडवी फट पाडली, फिल्म त्यातून बाहेरच्या शेकरकडे (पावडर टाकून झटकणाऱ्या यंत्राकडे) जाते. कापलेल्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी लगेच ठोका, नाहीतर उंदीर फोम कुरतडून आत घर करतात. ब्लॉकमध्ये ही फट बांधतानाच ठेवावी लागते आणि पुढं मशिन बदललं की तिची उंची चुकते. एसीचं बाहेरचं युनिट मात्र दोन्हींत शेडच्या बाहेरच, सावलीच्या बाजूला. ते शेडमध्ये ठेवून वर 'एसी गार करत नाही' म्हणणारे मी पाहिलेत.

तर शेड स्वतःची, काम रात्रंदिवस, आणि स्लॅब टाकायची तयारी असेल, तर ब्लॉकला नाव ठेवायला जागा नाही. एका शिफ्टचं काम, भाड्याची जागा, आजूबाजूला लूम असतील तर मी पॅनेलकडे झुकेन. भिंती आधीच बांधून झाल्या असतील तर पाडू नका, फक्त वर पॅनेल टाका. भिंतीच्या माथ्यावर लोखंडी अँगल, त्यावर पॅनेल, सांध्यात सिलिकॉन. मेहुण्यांनी दिवाळीच्या सुट्टीत हेच काम काढायचं ठरवलंय. पॅनेलचा कोटेशन कागद परवा माझ्याकडे आला, त्यात जाडी लिहिली होती, आत काय भरलंय ते नव्हतं. तेवढं लिहून मागवलंय.