१८ नंतर कोण: जुने बालहृदयतज्ज्ञ की मोठ्यांचे कार्डिऑलॉजिस्ट?

लहानपणी टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालेल्या मुलीचे आई-बाबा बहुधा जुन्याच डॉक्टरांना धरून राहतात. ते समजण्यासारखं आहे: जन्मजात हृदयरचना बालहृदयतज्ज्ञांना नीट कळते, फाइलही त्यांच्याकडेच असते. पण गरोदरपण, रक्तदाब, मधुमेह हे त्यांचं रोजचं काम नव्हे. शिवाय तिथे सगळी उत्तरं आईच देते, पेशंट मोबाइलमध्ये!

जवळच्या कार्डिऑलॉजिस्टकडे याच्या उलट. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी यांत हात बसलेला. पण अशा ऑपरेशननंतर फुप्फुसाकडच्या झडपेतून वर्षानुवर्षं रक्त मागे गळतंय आणि हृदयाचा उजवा कप्पा फुगतोय, हे साध्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) निसटू शकतं. कप्प्याचं नेमकं माप कार्डिॲक एमआरआयवर मिळतं. तक्रार नसली की ‘सगळं ठीक’ म्हणून पाठवणी होते, आणि झडप बदलायची योग्य वेळ टळू शकते. ठोक्यांचा बिघाडही पुढे उद्भवू शकतो.

माझ्या मते, मोठ्यांच्या जन्मजात हृदयविकाराचं वेगळं क्लिनिक आवाक्यात असेल तर तेच गाठावं. नसेल तर दोघांनाही दाखवा, आणि ऑपरेशन नोट्सची झेरॉक्स मुलीच्याच हाती द्या. दात काढण्याआधी, हृदयाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, अँटिबायोटिक लागेल का, हेही तिनेच विचारायचं.