आयएफटीआरची परिषद की स्लायगोचं येट्स समर स्कूल?

नोव्हेंबर उजाडला की नाटकावर संशोधन करणाऱ्या ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. पुढच्या उन्हाळ्यात बाहेर जायचंय, खर्च एकाच ठिकाणचा झेपेल, रजाही एकदाच मिळेल. मग आयएफटीआर या नाट्यसंशोधकांच्या जागतिक परिषदेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवू, की आयर्लंडमध्ये स्लायगोला आयरिश कवी-नाटककार येट्सच्या नावाच्या समर स्कूलला नाव घालू? मी दोन्ही अनुभवलं आहे, म्हणून जे वाटतं ते लिहितो. उन्हाळा तिकडचा, हे मात्र आधी लक्षात घ्या. दोन्ही गोष्टी जुलैच्या आसपास येतात, आणि आपल्याकडे तेव्हा कॉलेजं सुरू होऊन प्रवेशांची धांदल चालू असते. प्राचार्यांशी रजेचं आणि एनओसीचं बोलून घ्या, मगच बाकीचा विचार करा.

आयएफटीआर म्हणजे इंटरनॅशनल फेडरेशन फॉर थिएटर रिसर्च. संस्था १९५७ची. तिची वार्षिक परिषद दरवर्षी नव्या देशात भरते: २०१६ला स्टॉकहोम, २०१८ला बेलग्रेड, २०१९ला शांघाय, २०२३ला आक्रा, २०२४ला मनिला. २०१५ला ती हैदराबाद विद्यापीठात झाली, विषय होता नाट्य आणि लोकशाही. महाराष्ट्रातून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी जगभरातल्या नाट्यअभ्यासकांमध्ये जाऊन बसता येत होतं. असा योग पुन्हा आला तर ही तुलना बाजूला ठेवून सरळ जा.

या परिषदेचं खरं बळ तिच्या वर्किंग ग्रुपमध्ये आहे. आशियाई रंगभूमी, इतिहासलेखन, स्त्रीवादी संशोधन, नेपथ्य, राजकीय प्रयोग, नाटककार बेकेट असे कितीतरी गट आहेत. गटात निबंध बहुधा आधीच फिरवलेले असतात, लोक वाचून आलेले असतात, त्यामुळे बोलणं थेट मुद्द्यावर येतं. तमाशा, दशावतार किंवा दलित रंगभूमीवर तुमचं काम असेल, तर ते ज्या चौकटीत तपासून घ्यायचं ती चौकट तुम्हाला इथे मिळेल. बाली, चीन, केरळ इथल्या लोकप्रयोगांवर काम करणारा माणूस शेजारी बसलेला असतो, आणि तो तुम्हाला असा प्रश्न विचारतो जो आपल्या विभागात कोणी विचारला नसता. नव्या संशोधकांसाठी वेगळा मंच आहे. संस्थेचं थिएटर रिसर्च इंटरनॅशनल हे नियतकालिक केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस काढतं. तिथवर पोचायची इच्छा असेल तर ही माणसं भेटलेली बरी.

स्लायगोचं सगळं निराळं. वायव्य आयर्लंडमधलं लहानसं गाव, डब्लिनहून रेल्वेने तीनेक तास. येट्सचं आजोळ इथलं. १९६०पासून दर उन्हाळ्यात त्याच्या नावाची ही शाळा भरते. सकाळी व्याख्यानं, दुपारी सेमिनार, संध्याकाळी काव्यवाचन किंवा नाटक, मधे एखादा दिवस तळ्याकाठी नाही तर डोंगरापायथ्याशी सहल. व्याख्यानं जिथे ऐकली ते हॉक्स वेल हे थिएटरही येट्सच्या एका नाटकाचं नाव घेऊन उभं आहे. पेपर वाचावा लागत नाही. पदवी कोणती, पद कोणतं, कोणी विचारत नाही. विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचं, सेमिनार निवडायचे आणि कविता वाचून जायचं.

मराठी माणसाने येट्सकडे का जावं, असं मला बरेचदा विचारतात. टागोरांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: येट्सने लिहिलेली गीतांजलीची प्रस्तावना, १९१३ला डब्लिनच्या ॲबी थिएटरात झालेला टागोरांच्या ‘डाकघर’ नाटकाचा प्रयोग. पण येट्सच्या उत्तरायुष्यात त्याच्या सर्वांत जवळ आलेला भारतीय माणूस आपल्या विदर्भातला होता. श्री पुरोहित स्वामी, जन्म १८८२, बडनेऱ्याचे. मुंबई-नागपूर गाडीने जाताना ज्या जंक्शनवर आपण चहा घेतो, तेच बडनेरा. स्वामींच्या आत्मचरित्राला १९३२मध्ये येट्सने प्रस्तावना लिहिली. १९३५-३६च्या हिवाळ्यात माजोर्का बेटावर दोघांनी मिळून दहा उपनिषदांचं इंग्रजी केलं आणि १९३७ला ते पुस्तक आलं. मधल्या काळात येट्सने आधुनिक इंग्रजी कवितेचा जो मोठा संग्रह संपादित केला त्यात स्वामींच्या कविता घेतल्या. स्वामींचे गुरू भगवान श्री हंस यांच्या कैलासयात्रेच्या वर्णनाला प्रस्तावना लिहिली तीही येट्सनेच. इतकं सगळं असून अमरावतीत किंवा नागपुरात स्वामींचं नाव फार थोड्यांच्या तोंडी येतं, याची मला मनापासून खंत आहे. स्लायगोत सेमिनारमध्ये मी बडनेऱ्याचं नाव काढलं तेव्हा टेबलाभोवतीच्या बऱ्याच जणांना स्वामी माहीत होते. मात्र ते कुठल्या मातीतून, कुठल्या संतपरंपरेतून आले हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. तेवढं सांगता आलं आणि लोकांनी वह्या काढून लिहून घेतलं. मराठी अभ्यासकाने तिथे नेण्यासारखं असं बरंच काही आहे.

आता माझ्यापुरता निकाल ज्या गोष्टीने लागला ती सांगतो. मोठी परिषद म्हटली की एकाच वेळी अनेक खोल्यांत अनेक पॅनल चालतात. यात कोणाचा दोष नाही. शेकडो लोक आले, प्रत्येकाला वीस मिनिटं द्यायची, तर दुसरा उपाय काय? पण याचा त्रास मला आयएफटीआरपुरताच नाही, कुठल्याही मोठ्या परिषदेत होतो. ज्याला ऐकायला म्हणून एवढ्या लांब आलो, त्याचं पॅनल नेमकं माझ्या पॅनलच्या वेळेला. एका खोलीतला दुसरा पेपर आणि पलीकडच्या इमारतीतला तिसरा गाठायचा म्हणून मधेच उठायचं, नकाशा बघत जिने चढायचे, दार हळूच ढकलून आत शिरायचं, तोवर मांडणीचा पाया निघून गेलेला असतो. पहिल्या वक्त्याने पाच मिनिटं जास्त घेतली की तिसऱ्याच्या वेळी प्रश्नोत्तरं बंद. ‘चहाला बोलू’ म्हणतात, आणि चहाच्या गर्दीत तो माणूस सापडत नाही.

हेही एक वेळ चालवून घेतलं असतं. खरा तोटा जेवणाच्या वेळी कळतो. समोरच्याने सकाळी काय ऐकलं ते मी ऐकलेलं नाही, मी काय ऐकलं ते त्याने नाही. म्हणून बोलणं ‘तुम्ही कुठले, विषय कोणता’ इथेच घुटमळतं. ज्यावर भांडता येईल असं समाईक काहीच हातात नसतं. वर्किंग ग्रुप हा त्यावरचा उतारा आहे, हे मान्य. गटात टिकून राहणाऱ्याला तो लागूही पडतो. पण गटाबाहेर पडलं की पुन्हा तेच.

स्लायगोत सगळे एकाच सभागृहात एकच व्याख्यान ऐकतात. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५पासून जशी चालत आली, एक वक्ता, एक विषय आणि समोर सगळं गाव, तशी ही गोष्ट आहे. जपानहून आलेली पीएचडीची विद्यार्थिनी, अमेरिकेतले प्राध्यापक, गावातले निवृत्त शिक्षक, सगळ्यांनी सकाळचं तेच ऐकलेलं असतं. एकदा एका व्याख्यात्याने येट्सच्या उतारवयातल्या राजकारणावर, त्याच्या हुकूमशाहीकडे झुकण्यावर, बरंच कठोर बोट ठेवलं. तो वाद सभागृहात सुरू झाला, सँडविच खाताना चालला, दुपारच्या सेमिनारात कवितेच्या एकेका कडव्याशी येऊन अडला, आणि रात्री साडेनऊला उजेड असतानाच नदीवरच्या पुलाशी उभं राहून आम्ही तोच पुढे नेत होतो. गावातल्या एका आजींनी दुपारी तीच कविता मोठ्याने वाचून दाखवली होती. त्यांच्या वाचनात ज्या जागी श्वास घेतला गेला, तिथे माझी इतक्या वर्षांची समजूत बदलली. छापील पानावर मला तिथे स्वल्पविरामसुद्धा दिसला नव्हता.

नाटकवाल्यांसाठी मात्र एक सावधगिरीची सूचना. स्लायगोत पारडं कवितेकडे झुकलेलं असतं. येट्सची नाटकं, विशेषतः १९१६नंतरची, जपानच्या ‘नो’ या पारंपरिक रंगभूमीवरून स्फुरलेली नृत्यनाट्यं, यांवर बोलणं होतं, पण रंगभूमीचा सगळा व्याप तिथे मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. प्रकाशयोजना, प्रेक्षकांचा अभ्यास, नाट्यगृहांचं अर्थकारण या विषयांत तुमचा जीव असेल तर आयएफटीआरच बरं. शिवाय एकाच लेखकाजवळ इतके दिवस बसायचं म्हणजे तो लेखक आवडावा लागतो, निदान त्याच्याशी भांडावंसं तरी वाटावं लागतं.

नोकरीचा हिशेबही टाळता येत नाही. प्राध्यापकांच्या बढतीच्या कॅस योजनेतल्या फाइलला आंतरराष्ट्रीय परिषदेतला पेपर दाखवायचा असेल, तर स्लायगोत विद्यार्थी म्हणून काढलेले दिवस तिथे फारसे कामी येणार नाहीत. पीएचडी संपत आलेली असेल, परीक्षक, संपादक, पुढची फेलोशिप हे डोळ्यांसमोर असेल, तर मीही आधी आयएफटीआर म्हणेन. अशा वेळी जाताना आपला वर्किंग ग्रुप आधी पक्का करा, सर्वसाधारण पॅनलवर विसंबू नका.

पण ज्यांची नोकरी कायम झाली आहे, ज्यांना बढतीची घाई नाही, किंवा जे कॉलेजात नाहीतच, नाटक करतात, कविता लिहितात, भाषांतर करतात, त्यांना मी स्लायगो सुचवतो. खर्चाचं म्हणाल तर विमानाचं भाडं दोन्हीकडे तेवढंच दुखतं. आर्थिक साहाय्याच्या जागा दोन्हीकडे असतात, त्या मागताना संकोच करू नका. व्हिसाचं तेवढं नीट बघा. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे युरोपचा व्हिसा हातात असला तरी आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो. भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड एकाच व्हिसावर करण्याची सोय आहे, पण व्हिसावर तशी नोंद असायला हवी. आयएफटीआरला देश दरवर्षी बदलतो, म्हणजे दूतावासाचे नियमही दरवेळी नव्याने शिकायचे.

आयएफटीआरचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट जुलैच्या कितीतरी महिने आधी मागवतात, तेव्हा दिवाळीनंतर लगेच मसुद्याला बसा. स्लायगोला जायचं ठरलं तर आधी राहण्याची जागा बघा, गाव लहान आहे आणि ऐन हंगामात खोल्या लवकर संपतात. येट्सच्या समग्र कवितांची एक प्रत, समासात लिहिता येईल अशी, सोबत घ्या. आणि पुरोहित स्वामींबद्दल जे काही मराठीत वाचायला मिळेल ते वाचून जा. तिथे कोणीतरी विचारेलच.