आयन क्रोमॅटोग्राफचा कंडक्टिव्हिटी डिटेक्टर: सेल दणकट, सर्व्हिसवाले नग

पाण्यातले आयन वेगळे करून मोजणाऱ्या आमच्या या मशीनची एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपली आणि लगेच बेसलाइन (कुठलाही आयन येत नसतानाची सपाट रेघ) लाटा मारायला लागली. सर्व्हिसवाला आला, बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, सेल गेलाय, नवीन टाकावा लागेल." सेल म्हणजे डिटेक्टरमधला छोटा कप्पा, जिथे द्रावणाची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मोजली जाते. किंमत ऐकून मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

सप्रेसर (सेलच्या आधी द्रावणाची स्वतःची वाहकता कमी करणारा भाग) बाजूला काढून १ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड थेट सेलमधून सोडलं. २५ अंशांना १४७ मायक्रोसीमेन्स यायला हवेत, आले १४६. गेलेला सेल असं रीडिंग देतो होय? साहेबांनी व्हिजिट चार्जची पावती फाडली आणि निघाले.

मग लक्षात आलं, लाट एसीच्या कंप्रेसरबरोबर चढते-उतरते. एसी बंद, लाट बंद! कंडक्टिव्हिटी अंशामागे साधारण २ टक्के बदलते. आमच्या कार्बोनेट इलुएंटवर (नमुना वाहून नेणारं द्रावण) सप्रेसरनंतरही बॅकग्राउंड, म्हणजे त्या द्रावणाची स्वतःची वाहकता, १८ मायक्रोसीमेन्सच्या आसपास राहतं, म्हणजे ०.१ अंशाला ०.०३६ मायक्रोसीमेन्सची लाट. बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट, सल्फेट तिला भीक घालत नाही, पण नायट्राइटचा बारीक पीक (आलेखातला उंचवटा) पार बुडतो. सेलला हीटर आहे, तापमानाचा फरक भरून काढणारं कॉम्पेन्सेशनही आहे. पण सप्रेसरपासून सेलपर्यंतची नळी उघडी, नेमकी एसीच्या झोताखाली. लाखांच्या मशीनमध्ये वीतभर नळी झाकायला काय झालं होतं? एसीवाल्याकडून उरलेला काळा फोम आणून गुंडाळला, झोत वळवला. खर्च शून्य.

तीन स्टार देणार होते, आता चार देते. शेजारच्या फार्मा लॅबमधली मैत्रीण अँपेरोमेट्रिक डिटेक्टरचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड अ‍ॅल्युमिनावर घासत बसते, कारण तिथे पदार्थ इलेक्ट्रोडवरच ऑक्सिडाइज होऊन थर धरतो. इथे ती कटकट नाही.

पाचवा स्टार सप्रेसरने खाल्ला. काम त्याचं झकास: नमुन्यातल्या सोडियमच्या जागी हायड्रोजन आयन बसवतो, तो सातपट वाहक, म्हणून पीक उंच; आणि इलुएंटमधल्या कार्बोनेटचं कमी वाहक कार्बोनिक आम्ल करतो, म्हणून बॅकग्राउंड खाली. पण लाइट जाऊन पंप बंद राहिला की त्याच्यातलं मेंब्रेन सुकतं, आणि एएमसीत तो "कन्झ्युमेबल" म्हणून वगळलेला! हायड्रॉक्साइड इलुएंटवर बॅकग्राउंड १च्या खाली जातं, लाटेचा प्रश्नच मिटतो. पण हाताने बनवलेलं कॉस्टिक (हायड्रॉक्साइडचं द्रावण) हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, आणि मशीनमध्येच हायड्रॉक्साइड बनवणाऱ्या जनरेटरचं कार्ट्रिज म्हणजे परत खर्च. मी कार्बोनेटवरच आहे.

एएमसी रिन्यू केलेली नाही. करणार असाल तर सप्रेसर त्यात लेखी घालून घ्या.