पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातलं मराठी वाचन किट: वाचायला झकास, लिहायला कचरा

घाईत असाल तर निकाल आधीच सांगून टाकते. मुलांना मराठी वाचायला शिकवायचं असेल तर हे किट घ्या, लिहायला शिकवायचं असेल तर अजिबात घेऊ नका. ५ पैकी ३.५ स्टार, आणि त्यातला अर्धा स्टार ३५० रुपयांत मिळालं म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण या धर्तीचे दोन-चार डबे तिथल्या दुकानांत मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच, त्यामुळे कुठलाही घेतलात तरी खालचं बरंचसं लागू पडेल.

आमचा मुलगा दुसरीत, इंग्लिश मिडियम. घरी बोलतो मराठीच, अगदी भांडतो पण मराठीत, पण वाचायच्या नावाने बोंब. २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, चांगलंच झालं, पण शाळेत सक्ती म्हणजे काय तर फळ्यावरचं वहीत उतरवून घ्या. पोरगं मस्त वळणदार अक्षरात ‘कमळ’ लिहून आणतं आणि काय लिहिलंयस विचारलं की शेजारच्या चित्राकडे बघून सांगतं, "फूल!"

आमच्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या, त्यामुळे घरात आधी त्यांची पद्धत सुरू होती. अ ते ज्ञ पाठ, मग बाराखडी, मग बिनकान्यामात्र्याचे शब्द. त्या पद्धतीने अख्ख्या पिढ्या शिकल्या हे मान्य, पण हिशोब करा ना, ३६ व्यंजनं गुणिले १२ म्हणजे चारशेच्या वर खुणा, आणि तोपर्यंत पोराच्या हातात वाचण्यासारखं काही नाही. आमचा ‘क का कि की’ एका दमात चालीवर म्हणायचा आणि मधेच ‘कु’ वर बोट ठेवलं की पुन्हा क पासून गाडी सुरू. शिवाय काना-मात्रा शेवटी आल्या की वाक्यं होतात ‘छगन कमळ बघ’ टाइप, आपण सगळे त्यावरच वाढलो पण असं घरात कोण कधी बोललंय?

किटमध्ये हे उलटं केलंय. पहिल्या पाकिटात फक्त क, म, न, र, ब, स आणि सोबत लगेच काना आणि दुसरी वेलांटी, बाकी वर्णमाला बंद. पण एवढ्यातच मामा, मामी, नाक, कान, मासा, बकरी, कितीतरी शब्द होतात. पोराने स्वतः जुळवून वाचलेलं पहिलं वाक्य होतं ‘काका बसा ना’. आजी लगेच म्हणाल्या, "बस की मग तूच," आणि तो इतका हसला की दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच वाचून दाखवत होता.

डब्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे काना-मात्रा वेगळ्या पारदर्शक पट्ट्यांवर आहेत. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर, त्यामुळे आमच्याकडे ‘किती’ चं ‘इकती’ व्हायचं. इथे आधी क चं कार्ड ठेवायचं, क् म्हणायचं, मग वेलांटीची पट्टी त्यावर सरकवायची. म्हणजे हात बोलण्याच्या क्रमाने चालतो. नुसतं समजावून हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं, पट्टी सरकवून शिरलं. जोडाक्षरांचं पाकीट मात्र घाईत उरकलंय, ‘र्क’ आणि ‘क्र’ शेजारी शेजारी ठेवून दिलेत आणि फरक काय ते तुमचं तुम्ही बघा.

आता तक्रारी. ल हिंदी वळणाचा छापलाय! २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श असं स्पष्ट सांगितलंय, शाळेत बाई तोच शिकवतात, आणि हा डब्यातला बघून दांडीचा ल काढतो आणि लाल शेरा घेऊन येतो. ॲ आणि ऑ च्या पट्ट्या नाहीतच, म्हणजे बॅट, बॉल, कॅरम, चॉकलेट हे पोराच्या रोजच्या तोंडातले शब्द बादच. च साठी चमचा आणि चिमणी दोन्ही चित्रं एकाच कार्डावर, उच्चार वेगळे आहेत हे सांगणारी एक ओळ सुद्धा नाही, आपल्याला कळतं हो, पण ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत त्यांनी काय करायचं?

लेखनाची वही तर विचारूच नका. चौरेघी आहे, इंग्रजीची! अरे बाबांनो, मराठी अक्षर शिरोरेषेला लटकतं, त्याला दुरेघी लागते. वर पानभर ठिपके जोडा. ठिपके जोडताना मुलाचं लक्ष ठिपक्यात असतं, अक्षर कुठून सुरू होतं हे हाताला कळतच नाही. आम्ही ती वही कपाटावर टाकली आणि परातीत रवा पसरून बोटाने गिरवणं चालू केलं, नंतर साधी दुरेघी आणि त्याच्या मनातलं वाक्य, चुका असल्या तरी. ‘आज डब्यात बटाटा होता मी खाला’ असं लिहिलं तेव्हा मी काहीही खोडलं नाही.

आणि ते १ मिनिटाचं वाळूचं घड्याळ. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द असं लक्ष्य आहे, त्यावरून घातलं असणार. शिक्षकाला अंदाज घ्यायला ठीक आहे, पण घरी घड्याळ उलटं केलं की पोरगं शब्दांचे शेवट गिळायला लागतं. सासूबाईंनी ते बघितलं आणि सरळ अंडी उकडायला किचनमध्ये नेलं.

पाकिटं संपली की पुढे काय वाचायचं याबद्दल डब्यात एक अक्षर नाही. त्यासाठी पैसे घालवू नका, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी गोष्टी लेव्हलप्रमाणे फुकट आहेत, पहिली लेव्हल म्हणजे पानाला एखाद-दोन ओळी. बालभारतीची पुस्तकं पण त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतात.

घ्यायला जाणार असाल तर गाडी नेऊ नका, मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. पैसे द्यायच्या आधी डबा उघडून ल चं कार्ड बघा, ळ आहे का बघा (हिंदीवरून उचललेल्या एका डब्यात नव्हताच), आणि काना-मात्रा सुट्ट्या आहेत की नुसती बाराखडी कापून कार्डं केलीत ते बघा. उघडून दाखवत नसतील तर पुढच्या दुकानात जा, त्या चौकात दुकानांना काय तोटा.